नोव्हेंबरात परतीचं तिकीट काढू नकोस

प्रिय ताई,

मी चोपडा तालुक्यातला. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इरॅस्मसच्या (युरोपीय संघाची विद्यार्थी देवाणघेवाण योजना) शिष्यवृत्तीवर वर्षभरासाठी जर्मनीत आलोय. ऑक्टोबरात पोहोचलो तेव्हा सगळं भारी वाटत होतं. आता नोव्हेंबर संपत आलाय आणि इथे राहवत नाही. दुपारी चारलाच अंधारून येतं. वसतिगृहात आमच्या मजल्यावर आठ-नऊ जण राहतो, पण सगळ्यांची दारं बंद. गटात काम करताना सगळे माझ्यासाठी इंग्रजीत सुरू करतात आणि जरा वेळाने जर्मनवर जातात. एका सादरीकरणात 3.0 मिळाले. गावाकडे मी कायम पहिल्या-दुसऱ्यात असायचो. घरून फोन आला की ‘मज्यामा शे’ (मजेत आहे) म्हणतो आणि ठेवल्यावर रडू येतं. आप्पांनी तिकिटासाठी नातेवाइकांकडून हातउसने घेतले, बसस्टँडवर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. आता कुणाला काही सांगायची सोय नाही. नाताळच्या सुट्टीत कायमचं परत यावं असं मनात घोळतंय. तिकिटं पाहून ठेवली आहेत. काय करू?

— खान्देशातला एक विद्यार्थी (विनंतीवरून नाव आणि शहर गाळलं आहे)

बेटा,

तिकीट काढू नकोस. निदान फेब्रुवारीतल्या परीक्षा होईपर्यंत तरी नाही. आणि याच आठवड्यात घरी खरं काय ते सांग, सगळ्यांना नाही तर आप्पांना तरी. माझं उत्तर एवढंच. पण ‘धीर धर’ म्हणून मी तुला सोडणार नाही. तुझ्या पत्रातल्या एकेका त्रासामागे वेगळं कारण आहे आणि तू मात्र सगळ्यांचं मिळून एकच कारण धरून बसलायस, की मी कमी पडतोय. ते खरं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अंधाराचं. तुझं शहर साधारण 51 अक्षांशावर आहे, आपला जळगाव जिल्हा 21 वर. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो. तुझ्याकडे 21 डिसेंबरच्या आसपास तो आठ तासांच्या आत येतो आणि ढगांमुळे त्यातही ऊन असं दिसत नाही. प्रकाश कमी झाला की झोपेचं चक्र बिघडतं, अंगात जडपणा येतो, मन उतरतं. हिवाळ्यात येणारी ही उदासी डॉक्टर ओळखतात आणि जन्मापासून तिथे राहणाऱ्यांनाही ती होते. तू तर मे महिन्यातल्या आपल्या उन्हात वाढलेला. त्यामुळे सकाळी उठवत नाही हा तुझा आळस समजू नकोस. रोज दुपारी अकरा ते एकच्या मध्ये, ढग असले तरी, अर्धा-पाऊण तास बाहेर चालून ये. बंद खोलीतल्या दिव्यापेक्षा ढगाळ आकाशाचा उजेडही कितीतरी जास्त असतो. ड जीवनसत्त्वाबद्दल तिथल्या डॉक्टरांना विचार. तुझ्याकडे आरोग्य विमा असणारच, त्याशिवाय तिथे नोंदणीच होत नाही. फेब्रुवारीत दिवस मोठा झालेला तुझा तुलाच जाणवेल आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असेल. वर्षाचा सगळ्यात काळोखा महिना पुढ्यात असताना तू अख्ख्या वर्षाचा निकाल लावायला निघालायस, हे मला पटत नाही.

आता 3.0 चं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तुझा आत्मविश्वास तिथे मोडलाय असं पत्रावरून दिसतं.

जर्मनीत 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे उत्तीर्ण आणि 5.0 म्हणजे नापास, हे तुला माहीत आहे. पण 3.0 आपल्याकडच्या मोजणीत कुठे बसतं हे तू काढून पाहिलेलं दिसत नाही. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायला तिथे एक सूत्र वापरतात. शंभरपैकी चाळीसला पास हा आपला हिशेब धरून ते सूत्र उलटं लावलं, तर 3.0 म्हणजे 60 टक्के होतात. परक्या देशात दुसऱ्याच महिन्यात, घरी कधी न बोललेल्या भाषेत, आयुष्यातलं बहुधा पहिलंच असं सादरीकरण, आणि त्यात फर्स्ट क्लास. यात परत येण्यासारखं काय झालं?

माझी बरीच वर्षं शिकवण्यात गेली आणि युरोपात सत्र-दोन सत्रं राहून आलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींशी मी आवर्जून बोलत आले आहे. गुणांचा धक्का जवळजवळ प्रत्येकाला बसतो. फ्रान्सला गेलेल्या धुळ्याच्या एका मुलीला वीसपैकी तेरा मिळाले आणि ती रात्रभर झोपली नाही. तिथे दहाला पास असतं आणि सोळाच्या वर क्वचित कुणी जातं, हे तिला नंतर वर्गातल्या मुलींनी सांगितलं. नंदुरबारचा एक मुलगा इटलीत होता. तिथे तीसपैकी गुण देतात, अठराला पास, आणि बऱ्याच परीक्षा तोंडी. प्राध्यापकांसमोर एकट्याने बसायचं, ते विचारतील त्याचं उत्तर तिथल्या तिथे द्यायचं. आपल्या लेखी परीक्षांत कायम वरच्या नंबरात असलेला हा मुलगा पहिल्या तोंडी परीक्षेत गप्प झाला. पुढच्या वेळी त्याने पाठांतर सोडलं, वसतिगृहातल्या मित्राला समोर बसवून मोठ्याने समजावत अभ्यास केला आणि चोवीस मिळवले. हुशारी त्याची तीच होती. परीक्षा कशाची घेतात ते त्याला उशिरा कळलं, एवढंच.

अभ्यासाचा हिशेबही वेगळा आहे. युरोपात वर्षाला 60 क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम धरलेलं असतं. पाच क्रेडिटचा विषय म्हणजे सव्वाशे ते दीडशे तास, त्यात वर्गातले तास थोडे. बाकीचं वाचन, लिखाण, तयारी तुझी तू करायची. आपल्याकडे क्रेडिट मुख्यतः वर्गातल्या तासांवर मोजतो, सर नोट्स देतात, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. त्यामुळे तिथे आठवड्याला मोजकेच तास पाहून पोरांना वाटतं काम कमी आहे, आणि नोव्हेंबरात सगळं अंगावर येतं. तुझे विषय जास्त होत असतील तर दोन्हीकडच्या समन्वयकांना आत्ताच लिही. जाण्याआधी तू, इथलं विद्यापीठ आणि तिथलं विद्यापीठ अशा तिघांनी सही केलेला अभ्यास करार, लर्निंग ॲग्रीमेंट, सत्र चालू असताना बदलता येतो. मुदत उलटली असेल तर निदान एखाद्या परीक्षेतून नाव मागे घेण्याची शेवटची तारीख कोणती ते परीक्षा कार्यालयात विचारून ठेव. तिथे न सांगता गैरहजर राहिलं तर नापास धरतात. मात्र इथल्या विभागाला विचारल्याशिवाय विषय सोडू नकोस, नाहीतर आल्यावर क्रेडिटचा घोळ होईल.

ज्या प्राध्यापकांनी 3.0 दिले त्यांना भेट. प्रत्येक प्राध्यापकाची विद्यार्थ्यांना भेटायची ठरलेली वेळ असते, ईमेल करून नाव लावायचं. दोनच प्रश्न घेऊन जा: माझे गुण कशात गेले, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करू? आपल्याला लहानपणापासून सांगतात की सरांना उलट विचारायचं नाही. तिथे न विचारणाऱ्या मुलाला रस नाही असं समजतात. गुण वाढवून मागायला चाललोय असं वाटून घेऊ नकोस. शिकायला आलेल्या पोराचे प्रश्न आहेत हे.

गटातल्या मुलांबद्दल तुझ्या मनात राग आहे आणि तो मला कळतो. पण ती मुलं तुला टाळण्यासाठी जर्मनवर जात असतील असं मला वाटत नाही. आपण चार खान्देशी एकत्र आलो की समोरचा पुण्याचा असला तरी दोन वाक्यांत अहिराणीवर येतोच ना? पुढच्या बैठकीच्या सुरुवातीलाच सांग, की कोणता भाग मी करणार ते लेखी ठरवू आणि उठण्याआधी कुणीतरी पाच मिनिटं इंग्रजीत सारांश द्या. आपणहून सांगितलेलं तिथे लोक पाळतात, न सांगितलेलं ओळखत नाहीत. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात जर्मनच्या वर्गाला नाव घाल, आणि टँडेम जोडीदार मिळतो का पाहा: तुला जर्मन शिकवणारा आणि तुझ्याकडून हिंदी किंवा इंग्रजी शिकणारा. आठवड्यातून एक तास एका माणसासमोर बसून बोलायचं, आणि कुणावर उपकार नाहीत.

बंद दारांचं तसंच. आपल्याकडे दार लोटलेलं असलं तरी शेजारीण हाक मारत आत येते. तिथे दार बंद ठेवणं ही रीत आहे, त्यात तुझ्याबद्दल काही नाही. माणसं भेटतात ती सामायिक स्वयंपाकघरात. तू मात्र खोलीत ब्रेड-नूडल्स खात असणार, बरोबर? रविवारी तिथे दुकानं बंद असतात, त्यामुळे बरेच जण घरीच सापडतात. शनिवारी बाजार कर, फ्रिजवर चिठ्ठी लाव की रविवारी सहाला मी भरीत करतोय, ज्याला यायचं त्याने यावं.

इकडे आता भरिताच्या वांग्यांचा हंगाम आहे, शेतातल्या भरीत पार्ट्यांचे फोटो तुझ्या फोनवर येऊन पडत असतील आणि त्याने अजून जीव तुटत असेल. तिथली वांगी काळी-जांभळी, आपल्या हिरव्या वांग्यांची चव त्यांना नाही, आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावरचा धूर तिथे मिळणार नाही. पण ओव्हन आहे. वांग्याला टोचे मार, तेलाचा हात लाव, 220 अंशांवर पाऊण तास ठेव, साल आपोआप सुटेल. हिरव्या मिरच्या-लसूण ठेचून तेलात परत, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. मिरच्या परतताना खिडकी उघडी ठेव आणि आच बारीक; धुराचा अलार्म वाजला तर अग्निशमनची गाडी येते आणि तिचा खर्च तुझ्या माथी बसू शकतो. पहिल्या रविवारी दोघेच आले तरी चालतील. दर आठवड्याला एकाच वेळी करत राहा.

माय पार्सल पाठवणार असेल तर तिला सांग, तूप, पेढे, खवा घालू नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून किंवा पार्सलमधून नेता येत नाहीत, सीमाशुल्कवाले काढून टाकतात. कढीपत्त्याच्या ओल्या डहाळ्याही नकोत. काळा मसाला, शेंगदाण्याची कोरडी चटणी, केळीचे वेफर चालतात.

आता घरचं. ‘मज्यामा शे’ हे तू त्यांची काळजी वाचवायला म्हणतोस, पण त्यामुळे तुझ्या बाजूचं एकही माणूस तुला उरलेलं नाही. मायला एकदम सगळं सांगितलंस तर ती जेवणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आप्पांना सांग, आणि ते एकटे असताना सांग. सगळं घर मोबाईलभोवती जमलेलं असताना असलं बोलणं होत नाही. तुझ्या पत्रात शेतीचा उल्लेख नाही, पण चोपड्याकडचे आहात म्हणजे शेती असेल असं धरते. शेतीपंपाला रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात आप्पा पाणी द्यायला शेतात असतील. हिवाळ्यात तुझं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. तुझे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे साडेबारा झालेले असतात. आप्पा मोटार चालू करून बांधावर किंवा खळ्यातल्या खाटेवर एकटे बसलेले असतात, आणि त्यांनाही त्या वेळी कुणीतरी बोलायला हवंच असतं. तेव्हा फोन कर, व्हिडिओ नको, साधा. म्हण, आप्पा, मला इथे जड जातंय, पण मी निभावायचं बघतोय, तुम्ही फक्त ऐका. रात्री अपरात्री, थंडीत, बिबट्याची भीती असताना पाणी भरणाऱ्या माणसाला ‘जड जातंय’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. उसन्या पैशांचंही त्याच वेळी बोला. शिष्यवृत्तीतून महिन्याला थोडी बचत होत असेल तर किती आणि केव्हा परत करू शकशील ते सांग. आकडा लहान असला तरी त्यांच्या आणि तुझ्या, दोघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरेल. मात्र त्यासाठी आत्ता काम धरू नकोस. तिथे विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण हे पहिलं सत्र अभ्यासालाच दे.

फ्लेक्सबद्दल मला गावातल्या पोरांना सांगायचंय. तुम्ही प्रेमाने लावता, मान्य. पण एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला त्या फोटोखाली ‘गावाचं नाव उज्ज्वल’ असं लिहून पाठवलं की त्याला आजारी पडायची, नापास व्हायची, रडायचीही मुभा राहत नाही. त्याच पैशांत त्याला गरम कोट घेऊन द्या.

नाताळच्या सुट्टीची मात्र आतापासून तयारी कर, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. 24 तारखेच्या दुपारपासून दुकानं बंद होतात, 25 आणि 26 ला पूर्ण बंद, वसतिगृह रिकामं होतं आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही. त्या दिवसांत खोलीत एकटा राहू नकोस. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय किंवा इरॅस्मस विद्यार्थ्यांची संघटना मागे राहिलेल्यांसाठी काही करतं का ते आत्ताच विचार. दुसऱ्या शहरातला कुणी मराठी किंवा भारतीय मित्र असेल तर त्याच्याकडे तीन-चार दिवस जा. किराणा आधीच भरून ठेव.

ज्यांच्या घरात पुढच्या वर्षी जायचा विषय चाललाय, त्यांची पत्रं बरीच येतात, म्हणून थोडक्यात. इरॅस्मस 1987 मध्ये युरोपातल्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं. आता भारतातल्या विद्यार्थ्यालाही दोन ते बारा महिन्यांसाठी जाता येतं. यजमान विद्यापीठ शिक्षण शुल्क घेत नाही आणि देशानुसार महिन्याला साधारण 800 ते 900 युरो मिळतात. पण आपल्या विद्यापीठाचा तिकडच्या विद्यापीठाशी करार असेल तरच. त्यामुळे चौकशी आपल्या विभागात आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात करा. ‘इरॅस्मस करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी, ती पूर्ण पदवीसाठी आहे, अशा एका वर्षासाठी नाही.

पुन्हा तुझ्याकडे येते. मी थांब म्हणतेय ते उदासी, एकटेपणा, गुण यांच्यासाठी. पण सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, वर्गाला जावंसंच वाटत नाही असं होत असेल, तर फेब्रुवारीची वाट पाहू नकोस. तिथल्या विद्यार्थी सेवा संस्थेत मानसिक समुपदेशन मोफत असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही. भेटीची वेळ मिळायला दिवस लागतात म्हणून नाव आजच लाव. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर 116117, आणि जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर एक क्षणही न थांबता 112. शेजारचं दार वाजव, बंद असलं तरी.

आणि डॉक्टरांशी बोलून, आप्पांशी बोलून परत यायचंच ठरलं, तर तेही नीट ये, गुपचूप विमानात बसू नकोस. दोन्ही समन्वयकांना आधी लेखी कळव. न राहिलेल्या महिन्यांचे पैसे परत द्यावे लागतात. आजारपणामुळे परतत असशील तर डॉक्टरांचं पत्र जोड, त्याचा विचार होतो. वसतिगृहाच्या खोलीची नोटीस किती आधी द्यायची ते करारात पाहा, नाहीतर भाडं चालू राहील. शहराच्या कार्यालयात केलेली पत्त्याची नोंद रद्द करून घे. जमलं तर जानेवारी-फेब्रुवारी काढून ज्या परीक्षांची तयारी झाली आहे तेवढ्या दे आणि गुणपत्रकावर सही-शिक्का घेऊनच नीघ, म्हणजे इथे विभागात निदान एका सत्राचे क्रेडिट तरी पदरात पडतील.

— ताई